लोंबीतलं जस्त

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांवर एक तांबूस धूळ बसते. सकाळी पुसली तरी दुपारी ती पुन्हा तिथे असते. आईनं ती आयुष्यभर पुसली आणि आयुष्यभर तिच्यावर चिडली. बाबांचं उलटं होतं. ते खिडकीवरून बोट फिरवायचे, बोटाचं टोक डोळ्यांजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "लोखंड हाये हे. लोकं दवाखान्यातून याच्याच गोळ्या आणतात." त्यावर आई म्हणायची, "मंग चाटा. माहा स्वयंपाक वाचन."

लहानपणी मला खरंच वाटायचं, की आपल्या घरात कुणाला अशक्तपणा येणं शक्यच नाही. संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आकाश तांबडं व्हायचं आणि अंगणातल्या दोरीवरच्या चादरी गुलाबी दिसायच्या. त्या चादरींमध्ये शिरून मी उभी राहायची. साबणाचा, उन्हाचा आणि थोडासा कोळशाचा वास यायचा. अजूनही डोळा लागता लागता तो वास येतो, आणि त्याच्या मागोमाग बाबांचं शेत येतं. बांधीत, धानाच्या खाचरात, साचलेलं पाणी, पाण्यात ढग आणि ढगांमध्ये गुडघाभर उभे असलेले बाबा. खरं तर चादरी आणि शेत यांच्यामध्ये तीसेक वर्षांचं अंतर आहे, पण झोपेला त्याचं काय?

आमची माणसं मुळात भंडाऱ्याकडची, धान पिकवणारी. बाबा ऐन जवानीत इकडे, दुर्गजवळ, आले आणि प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये लागले. तापलेल्या सळीचा नुसता रंग बघून ती किती तापली आहे ते त्यांना कळायचं. पिकल्या टेंभराचा केशरी रंग आला की काढा, असं ते म्हणायचे, आणि ते बरोबर असायचं. त्यामुळे एक खोड त्यांना लागली, ती कायमची. डोळ्याला दिसतं तेवढं खरं. औषध कडू नसेल तर ते औषध नाही, आणि माणूस लाल दिसला तर तो तब्येतीनं ठणठणीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी दुर्गच्या पलीकडे, शिवनाथ नदीच्या बाजूला, काळ्या मातीची थोडी जमीन घेतली. आई म्हणाली, "चाळीस वर्सं आगीत काढली, आता चिखलात काढा." पण क्वार्टरमध्ये बसून राहिलेल्या बाबांपेक्षा शेतात गेलेले बाबा तिलाही बरे वाटत होते, हे मला माहीत होतं. ते रोज सकाळी स्कूटरवर जायचे आणि दुपारी चिखलाचे पाय घेऊन परत यायचे. माझं लग्न होऊन मी तोवर दुर्गला, मोहन नगरात राहायला गेले होते. नवरा रेल्वेत. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, आणि बाबांनी जाहीर करून टाकलं होतं की माझी नात दुकानातला तांदूळ खाणार नाही. तिच्यासाठी मी पिकवीन.

आता पिकवीन म्हटल्यावर लोखंडवाल्या माणसानं काय करावं? आईच्या कढीपत्त्याच्या कुंडीत त्यांनी गंजके खिळे आधीच पुरून ठेवले होते. शेतासाठी खिळे पुरणार नाहीत, म्हणून त्यांनी स्लॅग आणला. लोखंड वितळलं की वर जो मळ तरंगतो, तो थिजवून, फोडून आमच्याकडे रस्त्याच्या भरावात घालतात. गावाच्या रस्त्याचा भराव उरला होता, तो त्यांनी विचारून ट्रॉलीत भरून आणला, बारीक करवून घेतला आणि बांधीत पसरला. एकदा नाही, दरवर्षी उन्हाळ्यात. "लोखंडाच्या पोटातून निघालं हाये हे," ते मला म्हणाले होते. "याच्यातलं धानात जाईन, धानातलं पोट्टीच्या आंगात जाईन." इतकी सरळ वाट होती ती त्यांच्या डोक्यात. मला ती आवडली होती, आणि खोटं कशाला सांगू, मी त्यावर विश्वासही ठेवला होता.

एका पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन काही दिवस झाले असतील. बाबांचा फोन आला, लगेच या म्हणून. आम्हाला वाटलं साप निघाला की काय. गेलो तर बाबा बांधावर उभे, चेहऱ्यावर नवीन नातवंड झाल्यासारखा आनंद. त्यांनी खाली वाकून धानाचं एक पान दोन बोटांत धरून मला दाखवलं. त्यावर तांबूस तपकिरी ठिपके होते, बारीक बारीक, पत्र्यावर गंज धरतो तसे.

"पाह्य," ते हळूच म्हणाले. "लोखंड चढून राहिलं पानात."

आकाश ढगाळ होतं, वारा नव्हता. बांधीतलं पाणी स्थिर होतं आणि सगळ्या शेतावर तो तांबूस रंग उतरला होता. मला ते फार सुंदर दिसलं. माझ्या बापानं जन्मभर जे हाताळलं तेच आता उगवून येतंय, असं वाटलं. मुलगी माझ्या कडेवर होती. ती पान ओढून तोंडात घालायला बघत होती, आणि बाबा हसत म्हणत होते, "घे, खा. तुह्यासाठीच हाये."

नंतर पीक कसंबसं सावरलं. बाबांच्या मते उत्तम सावरलं. नवा तांदूळ घरी आला आणि मुलीला तोच भात सुरू झाला. भाताशिवाय ती दुसऱ्या कशाला तोंड लावायची नाही. वरणाचं पाणी, भात आणि पुन्हा भात. तोही हळूहळू कमी होत गेला. घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. तिला चवच लागत नसावी, असं मला वाटायचं. "मम्मी, मुझे नहीं खाना," एवढंच म्हणायची. आणि एक दिवस मी तिला बाल्कनीत शोधायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि चुन्याची भिंत चाटत होती, अगदी शांतपणे, डोळे मिटून.

मुलं असं करतात, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मग दिवाळी आली आणि मी मागच्या दिवाळीचा फ्रॉक सहज तिच्या अंगाला लावून पाहिला. तो बसला. आई तिथेच होती. आधी ती खूश झाली, की बघ, कपड्याचं काम भागलं. आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वर्षभरात पोरगी तसूभर वाढली नव्हती. मी त्या फ्रॉकची लावलेली बटणं एकेक करून काढली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि जेवणाखाण्याची सगळी चौकशी केली. मग म्हणाले, हिच्या शरीरात जस्त कमी आहे. रक्तही थोडं कमी आहे, पण मुख्य म्हणजे जस्त. भूक मरते, चव जाते, वाढ अडते. नुसत्या भातावर मूल ठेवलं की असं होऊ शकतं, कारण भातात ते मुळात थोडंच असतं, आणि ज्या मातीत कमी, तिथल्या धान्यात आणखी कमी. त्यांनी औषध लिहून दिलं, अंडं, शेंगदाणे, डाळी वाढवायला सांगितल्या. साधी गोष्ट होती. मी रिक्षात बसून घरी येताना विचार करत होते तो फक्त बाबांना हे कोण सांगणार याचा.

मीच सांगितलं. मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. सेक्टर दहाच्या स्वयंपाकघरात ते सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होते. मोहन नगरला न्यायची पिशवी शेजारीच ठेवलेली.

"बाबा, तिच्यात जस्त कमी हाये म्हणते डॉक्टर. नुसता भात देऊ नका म्हणते."

"कावून? दुकानचा थोडीच हाये?"

"जमिनीतच नसन तं भातात कुठून येईन, असं म्हणते."

त्यांचा हात सुपात थांबला. "माह्या भातात काही नाही, असं म्हणते?"

"तसं नाही म्हटलं कोणी."

"तसंच हाये ते," बाबा म्हणाले. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. आई माझ्याकडे रागानं बघत होती. मलाही राग आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. ती पिशवी मी तशीच टाकून आले.

त्यानंतर बाबांनी आमच्याकडे तांदूळ आणणं बंद केलं. येत होते, नाही असं नाही. येताना अंडी आणायचे, तीळ आणायचे, शेंगदाण्याचा लाडू आणायचे. पण जेवायला बसायचे नाहीत. "जेवून आलो," म्हणायचे. तिला भरवायचं कामही त्यांनी सोडून दिलं. आधी तेच भरवायचे, चिमणीचा घास, कावळ्याचा घास, आणि एक घास प्लांटमधल्या क्रेनचा, जो वरून हळूहळू खाली यायचा. आता ती ताट घेऊन त्यांच्याकडे गेली की ते म्हणायचे, "मम्मीजवळ जा." मुलगी औषधानं हळूहळू खायला लागली होती, आणि माझा बाप आमच्या घरात पाहुणा झाला होता.

पुढच्या हरेलीला आईनंच मला जबरदस्ती शेतावर पाठवलं. हरेली हा इकडच्या श्रावणातल्या, म्हणजे आपल्या आषाढातल्या, अवसेचा सण. नांगर, कुदळी धुऊन पुजतात, दारावर कडुलिंबाची डहाळी लावतात, लोहार येऊन चौकटीत खिळा ठोकून जातो आणि जनावरांना मीठ घातलेले कणकेचे गोळे पानात गुंडाळून चारतात. शेजारच्या बांधीवाला शेतकरी, बाबांच्याच वयाचा, आपल्या गाईला गोळे चारत होता. मुलगी त्याच्या मागे मागे फिरत होती. बाबा बांधावर बसले होते. मी शेताकडे पाहिलं. तेच तांबूस ठिपके या वर्षीही होते, मागच्यापेक्षा जास्त. या वेळी बाबांनी मला एकही पान दाखवलं नाही.

तेवढ्यात त्या गाईनं बाबांच्या खांद्यावरचा गमछा ओढला आणि चावायला सुरुवात केली. बाबांनी तो हिसकला, तर निम्मा फाटून तिच्या तोंडातच राहिला. शेजारी हसायला लागला. त्याची गाय कपडे खाते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. धोतर, पोतं, काय हाती लागेल ते. "आज तरी मीठ दिलं हाये हिले," बाबा म्हणाले, "तरी चटक जात नाही."

कृषी विभागातली एक तरुण बाई स्कुटीवरून त्या रस्त्यानं जात होती. शेताचा रंग बघून ती स्वतःच थांबली, चिखलात उतरली, पान हातात घेतलं. "ये तो खैरा है, दादाजी," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की खैराच्या काताच्या रंगाचे डाग पडतात म्हणून याला खैरा म्हणतात, आणि हे धानाला जस्त न मिळाल्यानं होतं. शेतात काय घालता, असं तिनं विचारलं. बाबांनी स्लॅगचं सांगितलं, जरा ताठ बसून. ती मान हलवत राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे स्लॅगमध्ये चुन्याचा अंश पुष्कळ असतो. आंबट जमिनीला तो चालतो, पण ही काळी जमीन आधीच चुनखडीची. त्यात आणखी घातलं की असलेलं जस्तही मातीत अडकून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही.

मी बाबांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं प्रेमानं जे पसरलं होतं, त्यानंच दार बंद केलं होतं. आणि पानावर चढलेलं ते लोखंड नव्हतंच. ती भूक होती.

बाबांनी तिच्या हातातलं पान घेऊन पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "जस्त म्हणजे बादलीवर चढवतात तेच ना?"

"हां, वही. जिंक."

"मंग बराबर हाये," बाबा म्हणाले. "जस्त नसन तं गंज येणारच."

त्या बाईनं काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. शहाणी होती. बाबा चुकीच्या रस्त्यानं बरोबर घरी पोचले होते, त्यांना परत मागे कशाला न्यायचं? मला हसू येत होतं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी येत होतं.

ती गेल्यावर बाबांनी शेजाऱ्याला हाक मारली. गाईकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हिले तणस कोणतं चारतो गा तू?"

"तुंहरे आय बाबू," शेजारी म्हणाला. तुमचंच आहे. आमच्या घरी जनावर नव्हतं, म्हणून मळणी झाली की उरलेला पेंढा, ते सगळं तणस, बाबा त्यालाच देऊन टाकायचे.

बाबा त्या गाईकडे बघत राहिले. गमछ्याचं टोक अजून तिच्या तोंडात होतं, ती ते सावकाश चघळत होती. पलीकडे माझी मुलगी कणकेचा उरलेला गोळा हातात घेऊन उभी होती आणि त्याच्यावरचं मीठ चाटत होती. "दाणा हिनं खाल्ला," बाबा म्हणाले, "अन् तणस तिनं. दोघीयनं माह्याच बांधीतलं खाल्लं." एवढं म्हणून ते उठले आणि पाण्यात उतरून उगाच इकडून तिकडे चालत राहिले. मी त्यांना हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झिंक सल्फेट आणलं. पांढरं, दाणेदार, खड्या मिठासारखं दिसणारं. आईनं पुडा बघून विचारलं, "शेतात मीठ टाकून राहिले का? वैऱ्याच्या शेतात टाकतात ते." बाबांनी त्या बाईनं सांगितलं होतं तसं विरवलेल्या चुन्याची थोडी निवळी घालून ते पाण्यात कालवलं आणि पाठीवर पंप घेऊन फवारलं. पुन्हा चुना कावून, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पान जळू नये म्हून. एवढासाक चालते." पंधरवड्यानं शेत हिरवं झालं. नवीन पानांवर डाग नव्हते. त्या वर्षीपासून स्लॅग बंद झाला.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पीक वाचलं, शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? पण ती कृषीवाली बाई पुन्हा एकदा येऊन गेली आणि जाता जाता बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेली. फुलोरा होऊन दाण्यात दूध भरायला लागलं की त्या वेळी आणखी एकदा जस्त फवारलं, तर ते थेट दाण्यात उतरतं. मात्र त्यानं पीक वाढत नाही. एक पोतंही जास्त होत नाही. म्हणून कुणी करत नाही, ती म्हणाली, आणि करावं असा आग्रहही ती कुणाला करत नव्हती.

आश्विन संपत आला होता. दुपार उतरल्यावर मी मुलीला घेऊन शेतावर गेले. ते दिवस इकडे फार हळू जातात. ऊन मऊ होतं, हवेत धानाच्या दुधाचा गोडसर वास असतो, आणि वाकलेल्या लोंब्यांवरून वारा गेला की सगळं शेत झोपेत कूस बदलल्यासारखं हलतं. बाबा पाठीवर पंप घेऊन त्यातून चालत होते. ते दिसत नव्हते, नुसतं डोकं दिसत होतं आणि त्याच्या पुढे एक बारीक धुकं. उन्हात त्या धुक्यात मधूनच रंग उमटायचे. मुलगी ते बघून टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. या माणसानं असंच धुक्यातून चालत राहावं आणि आम्ही बांधावर बसून राहावं, आणि संध्याकाळ होऊच नये.

शेजारी आपल्या बांधावरून ओरडला, "धान तो बने होगे हे बाबू, अब काबर दवई छींचत हस?" धान तर चांगलं झालंय, आता कशाला औषध मारता? त्याला खरंच काळजी वाटत होती, म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय अशी.

बाबा थांबले. पंपाचा दांडा हलवत, मागे न बघता म्हणाले, "धानासाठी नाही गा. खाणाऱ्यासाठी."

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुलीच्या पायाला लागलेला चिखल पुसत बसले.

अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागता लागता कापणी झाली. तोवर डॉक्टरांनी मुलीचं औषध बंद केलं होतं. ती वाढत होती. चपला बोचायला लागल्या होत्या, आणि अंडं दिसलं की ती पळून जायची ते सोडलं तर जेवणाची तक्रार राहिली नव्हती. हे सगळं औषधानं आणि अंड्या-डाळीनं झालं होतं, बाबांच्या तांदळाचा त्यात काही हात नव्हता. हे मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं.

एके दिवशी सकाळी बेल वाजली. मोहन नगरात त्या वेळी दूधवाला येतो, म्हणून मी पातेलं घेऊनच दार उघडलं. बाबा उभे होते. डोक्याला मफलर, स्कूटर खाली लावलेली, आणि हातात तांदळाची पिशवी. नेहमी ते बेल न वाजवता सरळ आत यायचे, आधी स्वयंपाकघरात, मग माझ्या नावानं बोंब. आज ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते.

"नवा हाये," ते म्हणाले.

"या ना आत."

ते आले नाहीत. त्यांनी पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला आणि उजेडात धरून त्याच्याकडे पाहिलं. सळीचा रंग बघून तिची आग सांगणारा हा माणूस त्या दाण्यांत काहीतरी शोधत होता. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. रंग तोच, वास तोच, दाणा तेवढाच. मग तो हात त्यांनी माझ्यासमोर धरला.

"गेलं का नाही आत, मले काही दिसत नाही, बाई," ते म्हणाले. "तू पाह्य. तिले चालन का हा?"

माझ्या बापानं उभ्या आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं. कॉलेज त्यांनी ठरवलं, नवरा त्यांनी पाहिला, मुलीचं बारसंसुद्धा त्यांच्या सोयीच्या दिवशी झालं. मला एकदम रडू आलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पातेलं खाली ठेवायला वाकले. पिशवी त्यांच्या हातातून घेतली. चांगली जड होती.

स्वयंपाकघरात जाऊन मी तांदूळ धुतला. मागून त्यांचे पाय वाजले, हळू, मग दारात थांबले. मुलगी उठून डोळे चोळत येऊन त्यांच्या पायाशी उभी राहिली होती. मी भांडं गॅसवर ठेवलं आणि मागे वळून विचारलं, "बाबा, पाणी किती ठेवू?"

"कमीच ठेव, नवा हाये," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी येऊन त्यांनी भांड्यात बोट बुडवून पाहिलं. "आणखी थोडं काढ."